तिसऱ्या होलचं पाणी

९ जून १९८५, रविवार

गडचांदूरहून काल परतलो. सिमेंट कंपनीची डीलर मीटिंग. जेवण चांगलं, भाषणं लांब. खरी मीटिंग मात्र संध्याकाळी झाली आणि ती फक्त मला कळली. गेस्ट हाऊसच्या मागे कंपनीचे रिजनल मॅनेजर साहेब एकटेच उभे होते. लोखंडी काठीने एक पांढरा चेंडू खाणीकडे मारत होते. मी जवळ गेलो. साहेब म्हणाले, "मनसाराम, ज्याला गोल्फ समजला त्याला बिझनेस समजला." बाकीचे डीलर त्या वेळी मटण शिजलं का ते बघत होते.

गडचिरोली आता वेगळा जिल्हा. कलेक्टरपासून कोंबड्यांच्या डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला ऑफिस बांधायचंय. म्हणजे सिमेंट. अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी एकालाच मिळणार, दिवाळीआधी. बाकीच्यांकडे मोठी गोदामं आहेत. माझ्याकडे दृष्टी आहे.

निर्णय: गावात गोल्फचं मैदान करायचं. साहेबांना खेळायला बोलवायचं. एजन्सी आपोआप. कंपनीने भेट दिलेल्या या डायरीत धडे लिहून ठेवायचे. डायरी कोणी वाचायची नाही. मनकर्णाने तर नाहीच, बायको झाली म्हणून काय.

१३ जून, गुरुवार

नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीच्या फुटपाथवर एक जुनी काठी मिळाली. गोल्फचीच आहे असं विकणारा शपथेवर म्हणाला. थोडे चेंडू आणि गोल्फवरचं एक इंग्रजी पुस्तकही घेतलं. त्याला कव्हर नाही आणि शेवटची पानंही नाहीत. शेवट मी करीन.

धडा पहिला: मान खाली. चेंडू मारताना मान वर करायची नाही, मारल्यावरसुद्धा नाही. कुठे गेला ते बघायला जो मान वर करतो त्याचा फटका हुकतो. धंद्यातही तेच. आमच्या गावातली माणसं दिवसभर वर बघत असतात. ढग आला का, ढग गेला का. म्हणून गाव आहे तिथेच आहे. मी आजपासून मान खाली.

मनकर्णाला काठी दाखवली. ती म्हणाली, "एवढ्याशा चेंडूले हाणाले नागपूरवरून काठी आनली? आपल्या इथचे बांबू सरले का?" तिला पुढचं सांगितलं नाही.

२३ जून, रविवार

जागा ठरली. तलावाच्या टोकाला आमची बरड जमीन पडीक आहे, तिथे काही पिकत नाही. तलाव मालगुजारांच्या काळचा. एका बाजूने मातीची लांब पाळ, म्हणजे तलावाचा बांध. पाळीच्या टोकाला दगडी सांडवा, तलाव भरला की जादा पाणी तिथून नाल्यात निघून जातं. सांडव्याला लागून माझी बरड. पाळीखाली सगळ्या गावाचं धान, एकट्या राहणाऱ्या रुखमाकाकूंचं घर आणि एका बाजूला, नाल्याच्या काठी, माझं गोदाम. गोदामाची जागा स्वस्तात मिळाली होती. तिथे कोणी बांधत नाही म्हणे. अडाणीपणा. रुखमाकाकू चाळीस वर्षं राहतायत, त्यांना काय झालं?

डालड्याचे डबे जमिनीत पुरून होल केले. मनकर्णाच्या जुन्या लुगड्याची निशाणं लावली. वैनगंगेची वाळू टाकून खड्डे केले, त्यांना बंकर म्हणतात. गावातली कुत्री लगेच त्यात येऊन झोपली. मैदानाला रौनक आली.

ढिवर सोसायटीचे कोलूभाऊ यांना कॅडी नेमलं, म्हणजे काठी-चेंडू सांभाळणारा. तलावात मासे धरायचा ठेका त्यांच्या सोसायटीचा. माझे फटके सध्या तलावाकडे जातात, म्हणून जाळंवाला माणूस सोयीचा. कोलूभाऊ म्हणाले, "देतो काढून जी. पन चेंडू रोहूच्या भावानं देऊ का झिंग्याच्या, ते पयले सांगा." माणूस धंदा शिकतोय. माझ्या संगतीचा परिणाम.

५ जुलै, शुक्रवार

धानाची रोवणी चालू. गावात माणूस मिळत नाही. सगळे कमरेत वाकून चिखलात. मैदानावरचं गवत कापायला कोणी आलं नाही. मनकर्णाही रुखमाकाकूंच्या बांधीत रोवायला गेली. माझ्या डोळ्यांदेखत डीलरची बायको दुसऱ्याच्या चिखलात! ती म्हणाली, "काकूले कोन हाये? तुमी जाता का?" 

धडा: पकड सैल ठेवावी. काठी घट्ट आवळली की फटका वाकडा जातो. बायकोच्या बाबतीतही हेच धोरण ठेवतो आहे.

आज तीन चेंडू सरळ गेले. चौथा श्रावण गुरुजींच्या सायकलला लागला. हे आमच्या शाळेचे हेडमास्तर, नवबौद्ध, वाचणारा माणूस. चेंडू परत देत त्यांनी विचारलं की या खेळात शेवटी मिळतं काय. मी म्हटलं, एजन्सी.

१४ जुलै, रविवार

साहेबांचं पत्र आलं! पंचवीस ऑगस्टला रविवारी येण्याचा प्रयत्न करतो म्हणतात. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय की मैदानावर थोडं पाणी असेल अशी आशा आहे, पाण्यावरून चेंडू मारण्यात खरी मजा.

पाणी! जिल्ह्यात कोणत्या डीलरकडे तलाव आहे?

पण एक अडचण. तलाव काठोकाठ भरला तरी पाणी माझ्या बरडीपर्यंत येत नाही. थोडक्यात राहतं. कारण तो सांडवा. पाणी जरा वर चढलं की हा दगडी बाबा ते सोडून देतो. इतकी वर्षं गावाचं पाणी फुकट नाल्यात जातंय आणि कोणाला त्याचं काही नाही. हीच तर आपली मनोवृत्ती.

२१ जुलै, रविवार

काम फत्ते.

गेल्या पावसाळ्यात गोदामात ओल शिरून खराब झालेली सिमेंटची पोती पडून होती. कोणी घेत नव्हतं. दुकानातल्या इसरूला आणि दोन हमालांना घेऊन ती सगळी पोती सांडव्यात आडवी-उभी रचली. मधल्या फटीत नवं सिमेंट ओतलं. वाळूचं पोतं टाकलं असतं तर ते वाहून गेलं असतं. सिमेंटच्या पोत्याला पाणी लागलं की ते दगड होतं. संध्याकाळी लाथ मारून बघितली. पाय दुखतोय.

धडा: डेड स्टॉक असा काही नसतोच. फक्त जागा चुकलेली असते.

कोलूभाऊ येऊन बघून गेले. दर वर्षी सांडवा वाहू लागला की मासे त्याच्याबरोबर नाल्यात पळतात. आता पळणार नाहीत. कोलूभाऊ खूश. "बेस झालं जी, यंदा मासोळी घरातच रायते." गावाचा पाठिंबा आहे.

मनकर्णा म्हणाली, "अधिक महिना चालू हाये. अधिकात नवं बांधकाम करत नाई." मी म्हटलं सिमेंट जुनं आहे. ती आत निघून गेली. श्रावण गुरुजींनी विचारलं, मग पाणी जाणार कुठून? मी म्हटलं, जाणारच नाही गुरुजी, तीच तर आयडिया आहे. ते पुन्हा एकदा भिंत बघायला गेले. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची हुशारी पचायला वेळ लागतो.

४ ऑगस्ट, रविवार

पाणी आलं. बरडीत शिरलं. तिसऱ्या होलच्या तिन्ही बाजूंनी पाणी, मधे लाल लुगड्याचं निशाण. मी तिथे उभा राहिलो आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बापाने ही जमीन वाटणीत घेतली तेव्हा काकांनी हसून दिली होती. आज काका असते तर बघितलं असतं.

या टोकावरून मारलेला चेंडू पाण्यावरून पलीकडे जायला हवा. सध्या जात नाही. उद्यापासून पहाटे उठून प्रॅक्टिस. नक्की.

५ ऑगस्ट, सोमवार

पहाटे पाऊस होता. उद्यापासून.

११ ऑगस्ट, रविवार

रुखमाकाकू सकाळी दुकानात. चूल पेटत नाही म्हणतात. लाकडं कोरडी, पण चुलीची राखच ओली होते. रात्रीतून खालून ओल येते. अंगणात एका जागी पाय दाबला की पाणी वर येतं, आणि ते पाणी स्वच्छ. "अवो मनसाराम, मुताएवढं झरते, पन थांबत नाई. पाळ रडून राह्यली."

मी त्यांना समजावलं की पावसाळ्यात ओल येतेच, म्हातारपणात जरा जास्त जाणवते. चुलीखाली घालायला थोडं कोरडं सिमेंट दिलं, फुकट. त्या ते घेऊन गेल्या नाहीत. पोतं तसंच पायरीवर.

धडा: गिऱ्हाईक तक्रार करतं म्हणजे त्याचा तुमच्यावर विश्वास आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत झेंडावंदन. गुरुजींचं भाषण चालू होतं आणि लोक झेंड्याकडे न बघता पाळीकडे बघत होते. एकाने तर पाठ करूनच ऐकलं. राष्ट्रप्रेम उरलं नाही.

परत येताना रस्त्यावर खेकडे. पाळीतून निघून रस्ता ओलांडून शाळेच्या टेकाडाकडे चालले होते. भर दिवसा, ओळीने, पिल्लांसकट. बाया उभ्या राहून बघत होत्या, पण एकीनेही पकडला नाही. आमच्या गावात खेकडा दिसला आणि कोणी पकडला नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मला क्षणभर कसंसंच झालं. मग लक्षात आलं, श्रावण लागायला आलाय. खाणं वर्ज्य.

कोलूभाऊ संध्याकाळी आले. हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, दोन पोते काढून घ्या. दोनच. पानी लय चढलं." मी म्हटलं, मासे जातील ना. ते म्हणाले, "जाऊ द्या मासे." मी म्हटलं पंचवीसच्या दुसऱ्या दिवशी काढतो. शब्द दिला. ते काठी खाली ठेवून गेले. कॅडीचा राजीनामा स्वीकारला.

१९ ऑगस्ट, सोमवार

आभाळ सगळ्या बाजूंनी काळं. बारीक बारीक पडतोय. साहेब पावसात खेळणार नाहीत.

मी देवधर्म फार मानत नाही, पण रिस्क मॅनेजमेंट म्हणून मातामायकडे गेलो. पाळीवरच्या कडुलिंबाखाली शेंदराचे दगड, शकुबाई त्यांची सेवा करतात. मनातल्या मनात नवस बोललो: पंचवीस तारखेला स्वच्छ ऊन दे आणि त्यानंतर महिनाभर पावसाचा थेंब नको. कारण साहेब एकदा आले की दर रविवारी येतील, मित्रांना आणतील. मागायचं तर पूर्ण मागावं. पावलीस तर तुला सिमेंटचा पक्का ओटा बांधून देईन.

शकुबाईंनी नारळ फोडला. विचारलं काय मागितलं. मी नुसता हसलो. त्या म्हणाल्या, "मनातल्या मनात मागाले सोपं असते भाऊ. पन वापस घ्याचं झालं त साऱ्या गावासमोर तोंडानं बोला लागते. नाई त माय सोडत नाई." मी म्हटलं वापस कोण घेतो.

उतरताना पाय घसरला. पाळीवर एक बारीक भेग आहे, लांबच लांब. मान खाली असल्यामुळे दिसली. काठीचं टोक घालून बघितलं, टोक पूर्ण आत गेलं. माती टाकून बुजवली. आता दिसत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

धो धो. कालपासून थांबला नाही.

मनकर्णाने धान्याच्या कणग्या, बियाणं, देव, ट्रंक, सगळं बैलगाडीत घालून शाळेत नेलं. गावातल्या सगळ्या बाया तेच करतायत. घराघरातून भांडी, गोधड्या, कोंबड्या शाळेकडे. विचारलं तर म्हणाली, "तुमी बी चला." मला तिचं मन कळलं. साहेबांची आणि पाहुण्यांची सोय शाळेत करायची, हे मी तिला बोललो होतो. तिने न सांगता सगळं गाव कामाला लावलं. बाहेरून कितीही बोलली तरी आतून माझ्यामागे उभी आहे.

रुखमाकाकू मात्र घर सोडायला तयार नाहीत. दारात बसल्या आहेत. "मी कुठी जाऊ? माया माणूस ह्याच घरातून गेला." मनकर्णाने हात धरून ओढलं तर दाराची चौकट धरून बसल्या. मनकर्णा रडली. साहेबांच्या स्वागताला एक म्हातारी कमी आली तर चालेल, यात रडण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

सात्त्विक संताप आला होता, पण लिहिता लिहिता शांत झालो. गोल्फने स्वभाव सुधारतो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

गावचा कोतवाल बुधू याने डफडं वाजवत दवंडी दिली. पावसात शब्द ऐकू आले नाहीत, फक्त "पाळ... पाळ" आणि "मनसारामभाऊ" एवढं कळलं. न सांगता प्रसिद्धी! रविवारचा कार्यक्रम पाळीजवळ, नाव माझं. बुधूला एक धोतर द्यायचं.

एकटाच घरी आहे. गावात एक कुत्रं भुंकत नाही. बंकरमधली कुत्रीही शाळेवर गेलीत. घर इतकं शांत की पाळीचा आवाज येतो. पाळीला आवाज असतो हे माहीत नव्हतं. पोटात भूक असल्यासारखा.

झोप नाही. मान खाली, मान खाली, असं म्हणत पडलोय.

२४ ऑगस्ट, शनिवार, संध्याकाळ

जे झालं ते ओळीने लिहितो.

सकाळी सगळं गाव सांडव्यावर. कुदळी, सब्बल, घण. मला वाटलं मैदान साफ करायला आलेत. ते माझी भिंत फोडायला आले होते. पाणी भिंतीच्या वरच्या पोत्याला लागलं होतं. कोलूभाऊंनी पहिला घण घातला. ठिणगी उडाली. मग इसरू, मग बुधू, मग चार चार जण मिळून. सब्बल वाकली. भिंतीचा टवकासुद्धा निघाला नाही.

मी म्हटलं, उगाच दमू नका, हे सिमेंट आहे. लिहितो तेच खरं, त्या क्षणी मला अभिमान वाटला. आयुष्यात माझ्या हातून एवढं पक्कं काम झालं नव्हतं.

तेवढ्यात खालून रुखमाकाकूंचं ओरडणं. अंगणातलं स्वच्छ पाणी गढूळ झालं होतं. गुरुजी म्हणाले, आता पाळीच्या आतली माती येतेय.  माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. ते शिव्यांपेक्षा वाईट होतं.

गुरुजी म्हणाले, पाळ आपोआप फुटली तर मधोमध फुटेल. घर, धान, सगळं जाईल. आपणच टोकाला फोडली तर पाणी बरडीतून नाल्यात जाईल. पण बरड मनसारामभाऊंची, आणि नाल्याच्या काठी त्यांचं गोदाम. सगळे थांबले. या गावात दुसऱ्याच्या जमिनीत कुदळ घालत नाहीत, मरायची वेळ आली तरी विचारतात. कोलूभाऊंनी विचारलं, "भाऊ, काय म्हनता?"

मी म्हटलं, उद्याचा दिवस जाऊ द्या. एकच दिवस.

मनकर्णा पुढे आली. पदर खोचलेला, अंगभर चिखल. माझ्याकडे बघितलंही नाही. बुधूच्या हातातली कुदळ घेतली. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलच्या मधे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "ही जमीन मायी बी हाये. इथून फोडा." आणि पहिला घाव तिने घातला.

पाळ हातभर फोडली. पाण्याने बैलगाडी जाईल एवढी केली. लाल निशाण आधी गेलं. मग डबे. मग गोदामाची भिंत अशी बसली जसं म्हातारं माणूस खाटेवर बसतं.  पाणी जात होतं आणि सगळे बघत होते.

रुखमाकाकूंचं घर राहिलं. धान राहिलं.

२५ ऑगस्ट, रविवार

स्वच्छ ऊन. ढग नावाला नाही.

साहेब दुपारी जीपने आले. तलावात पाणी नव्हतं. चिखल आणि मधे डबकं, त्यात ढिवरांची माणसं उरलेसुरले मासे वेचत होती. अंड्यांवर आलेली मासळी, पुढच्या वर्षाचं बी. कोलूभाऊ काठावर बसून होते, जाळंही घेतलं नव्हतं.

साहेबांना सांडव्यावर नेलं. पाणी गेलं, पण माझी भिंत होती तशी उभी. साहेबांनी हात लावून बघितला. बूट मारला. खूश झाले. "वा, मनसाराम! आपल्या कंपनीचंच काम." मग वाकून पोत्यावरचं छापलेलं वाचलं. ते दुसऱ्या कंपनीचं होतं. गेल्या वर्षी टंचाईत कुठून कुठून उचललं होतं.

साहेब चहा न घेता निघाले. मी धावत जीपशी गेलो, म्हटलं पुढच्या वर्षी गोल्फ खेळू. ते म्हणाले, कसला गोल्फ? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, नुसतं चालवत नाही म्हणून चेंडू मारून त्याच्यामागे चालतो.

एजन्सीचं विचारायचं राहिलं.

२ सप्टेंबर, सोमवार

सगळं गाव टोपल्यांनी माती टाकून फोडलेली जागा भरतंय. मीही जातो. कोणी टोमणा मारत नाही. मला टोपली देतात, अर्धी भरलेली. हे मला झोंबतं.

आजपासून रोज एक धडा लिहायचं ठरवलं होतं, सुचला नाही.

गुरुजींकडून समजलं ते असं. धान वाचलं खरं, पण आत्ता फक्त हिरवं आहे. निसवायच्या वेळी, लोंबी बाहेर पडताना पाणी लागतं. ते तलावातून मिळतं. तलाव आता रिकामा. एक चांगला पाऊस आला, भरलेली माती टिकली, तर तलाव अर्धा होईल आणि गाव तरेल. नाही आला तर दाण्याविना नुसतं तणस, म्हणजे पेंढा कापायचा.

पाऊस येईलच. श्रावण आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

फोडलेली जागा बुजली. पाळ तयार. तलाव तयार. पाऊस नाही.

पंचवीस तारखेपासून थेंब नाही. रोज कडक ऊन, कपड्यासारखं धुतलेलं आभाळ. आरमोरीच्या बाजारात विचारलं. तिकडे पडला. वडशाला पडला. आमच्यावर नाही.

दुपारी पाळीवर बसलो असताना शकुबाई सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "भाऊ, नवस पावला का? ओट्याचं काय झालं?"

 मी आत्तापर्यंत हे जोडून बघितलंच नव्हतं. या वर्षी मी जे जे ठरवलं त्यातलं एकच तंतोतंत झालं होतं: मातामायकडे मागितलेलं.

म्हटलं, नाही बाई, नाही पावला. मनकर्णाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर विचारलं, "मातामायले तुमी काय मागतलं होतं?" म्हटलं, धंद्यात बरकत.  सध्या ती शाळेवरून आलेल्या कणगीत रोज हात घालून बघते, आत किती आहे.

मी अंधश्रद्धाळू नाही. पण नुकसान तर काही नाही. सगळ्या गावासमोर एक वाक्य बोलायचं, नवस वापस घेतला म्हणून. पोळ्याला सगळं गाव पाळीवर जमतं. त्या दिवशी बोलतो. ठरलं.

१४ सप्टेंबर, शनिवार, पोळा

बैल सजवले. शिंगांना रंग. तोरणाखाली सगळं गाव उभं. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. मातामायच्या समोर जाऊन उभाही राहिलो. शकुबाईंनी डफडं थांबवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता दवंडीशिवाय गाव जमलं होतं आणि मधे मी.

तेवढ्यात रुखमाकाकू पुढे आल्या. हातात पानावर पुरणपोळी. ती माझ्या हातात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मनसारामवर कोनी राग धरू नोका. गोदाम गेलं त्याचं, त्यानं मायं घर वाचवलं. पाऊस काई त्याच्या हातात हाये का?"

सगळे "नाई, नाई" म्हणाले. कोलूभाऊसुद्धा म्हणाले.

मी पुरणपोळी खाल्ली.

बैलांची गर्दी होती, आवाज होता, कोणाला ऐकू गेलं नसतं. उद्या सकाळी नक्की.

१५ सप्टेंबर, रविवार

तान्हा पोळा. पोरांचे लाकडी बैल. अशा दिवशी बरं दिसत नाही.

रुखमाकाकूंच्या बांधीला भेगा पडल्यात. काठीचं टोक आत जातं.

१६ सप्टेंबर, सोमवार

दुपारी ढग आला. काळा, मोठा, पाण्याने भरलेला. मनकर्णा हातातलं काम टाकून अंगणात आली. गुरुजींनी शाळा थांबवली. कोलूभाऊ पाळीवर उभे राहिले. सगळ्या गावाने मान वर केली. मीही केली, पुस्तकात काही का लिहिलेलं असेना.

बराच वेळ आमच्यावर उभा होता. मग धानोऱ्याकडे गेला.

मनकर्णा अजून तिकडेच बघत उभी आहे. मी इथून खिडकीतून बघतोय.

उद्या सांगतो. उद्या नक्की.